जाड अक्षर आणि आतलं पांढरं

चौकात बसस्टॉपच्या शेजारी एक फ्लेक्स लागला होता. आमच्या शाळेत गणित शिकवायचे ते सर गेले, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी लावलेला. फोटो चांगला निवडला होता, सर थोडेसे हसताना, खिशाला पेन, मागे बहुतेक शाळेचीच भिंत. आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द, पण कसे, तर टम्म फुगलेल्या, कोपरे नसलेल्या, एकमेकांना खेटून बसलेल्या अक्षरांत. प्रत्येक अक्षरात उशीत कापूस कोंबावा तशी शाई कोंबलेली. बस यायला वेळ होता म्हणून मी तिथेच उभी राहिले आणि मला काहीतरी टोचायला लागलं. सर गेल्याचं वाईट वाटत होतंच, ते वेगळं. हे टोचणं अक्षरांचं होतं. ती अक्षरं खुशीत होती. लहान मुलाच्या वाढदिवसाला, जादूच्या प्रयोगाच्या तिकिटावर अगदी शोभली असती अशी ती अक्षरं सरांच्या फोटोखाली उभी होती आणि मजकूर काय सांगतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. येणारेजाणारे थांबून हात जोडत होते, कुणाला काही खटकल्यासारखं दिसलं नाही, आणि मी मात्र ‘द्ध’कडे बघत उभी.

ज्यांनी तो फ्लेक्स केला त्यांच्यावर मला राग नव्हता, आजही नाही. उलट त्यांनी ते अक्षर का घेतलं असेल हे मला चांगलंच कळतं. सर मोठे होते, म्हणून अक्षर मोठं. सरांनी शिकवलेलं आयुष्यभर पुरलं, म्हणून अक्षर जाड, असेल त्यातलं सगळ्यात जाड. यात प्रेम आहे. शिवाय मराठीत लिहिणाऱ्याकडे दुसरं असतंच काय? इंग्रजीत एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर सगळी अक्षरं कॅपिटलमधे टाकता येतात, तिरकी करता येतात, कॅपिटलमधे टाकून सुटी सुटी पसरता येतात आणि मग अगदी बारीक अक्षरसुद्धा भारदस्त वाटतं. आपल्याकडे कॅपिटल नाही. तिरकं अक्षर आपल्या छपाईत बाहेरून आलं आणि अजून बऱ्याच ठिकाणी नुसतं ढकलून वाकवल्यासारखंच दिसतं. सुटं करावं तर शिरोरेघ तुटते. राहतं काय, तर आकार आणि जाडी. जोर, मान, इशारा, जाहिरात, आनंद, दुःख, सगळं या दोघांनीच वाहायचं. म्हणून मराठीत ठळक अक्षरावर इंग्रजीतल्यापेक्षा जास्त भार आहे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच ते कसं असावं याचा विचारही जास्त व्हायला हवा.

माझ्या मामांचा छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या केसेस, रॉकेलमधे भिजवलेल्या चिंध्यांचा आणि शाईचा एकत्र वास, जो सुट्टी संपवून घरी आलो तरी कपड्यांना असायचा. तिथे एक म्हातारे जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे, होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, जत्रेची पोस्टरं असलं काम चालायचं. पोस्टरचे मोठे खिळे लाकडाचे असत, सगळ्यात खालच्या खणात, जुन्या कापडात गुंडाळलेले. हातात घेतलं की अंगठ्याला कडा कळायची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, कुठे एखादा टवका उडालेला, आणि तो टवका छापल्यावर पांढरा ठिपका होऊन दिसायचाच. अण्णा ते खिळे सहजासहजी काढायचे नाहीत. कुणी येऊन म्हणालं की सगळंच जाड टाका, तर ते ऐकून घ्यायचे आणि एकच ओळ जाड टाकायचे. आणि ‘दुःखद निधन’चं पत्र आलं की काळी चौकट बारीक, अक्षर मध्यम, भोवती जागा भरपूर. तिथे त्यांनी मोठे लाकडी खिळे काढलेले मला आठवत नाहीत. का म्हणून विचारायचं माझं वय नव्हतं, पण ते कोरं सोडलेलं पान आठवतं, त्याकडे बघून घरातले लोक आवाज खाली आणायचे.

लाकूड का, हे पुढे वाचताना कळलं. शिशाचं अक्षर फार मोठं ओतलं तर ते जड होतं, महाग पडतं, आणि थंड होताना सगळीकडे सारखं आवळत नाही, मग पृष्ठभाग खोलगट होतो आणि छपाई डागाळते. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं 1827 मधे लाकडातून अक्षरं कोरायचं फिरत्या पात्याचं यंत्र वापरायला सुरुवात केली आणि मोठी अक्षरं एकदम आवाक्यात आली. त्याच्या थोडं आधी लंडनमधे जाड अक्षरांची लाट आलेलीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट थॉर्न आणि इतर ओतारी लोकांनी नेहमीच्या पुस्तकी अक्षराच्या उभ्या रेघा फुगवत फुगवत इतक्या नेल्या की अक्षर म्हणजे काळे ठोकळे आणि त्यांना जोडणारे केसासारखे धागे असं झालं. त्याला फॅट फेस म्हणायचे. ती अक्षरं पुस्तकासाठी नव्हतीच, लॉटरीच्या, नाटकाच्या, विक्रीच्या कागदांसाठी होती, भिंतीवरून ओरडायला. 1816 मधे विल्यम कॅझलन चौथा यानं बिनसेरिफचं पहिलं छापील अक्षर दाखवलं, टोकांना कसलीही नक्षी नसलेलं. म्हणजे आज आपण ज्याला डिस्प्ले टाईप म्हणतो, वाचायला कमी आणि बघायला जास्त, तो जन्माला आला तो जाहिरातीच्या पोटी. हे लक्षात घेतलं की बरंच काही उलगडतं. जाड अक्षराचं मूळ काम लांबच्या माणसाला थांबवणं. थांबल्यावर त्याला काय वाटावं हे नंतर त्या त्या अक्षरानं आपापलं ठरवलं.

कसं ठरवलं, ते दोन अक्षरं शेजारी ठेवली की दिसतं. ऑसवल्ड कूपरनं शिकागोत काढलेलं कूपर ब्लॅक 1922 मधलं, आणि जेफ्री ली या इंग्रज डिझायनरचं इम्पॅक्ट 1965 मधलं. दोन्ही खूप जाड. कूपर ब्लॅकला एकही टोकदार कोपरा नाही, टोकं विरघळल्यासारखी गोल, जमिनीवर नीट बसत नाहीत, थोडी डुलतात. इम्पॅक्ट अरुंद, उभं, आतल्या जागा चिरेइतक्या आणि सरळ कापलेल्या. ते पुढे विंडोजबरोबर घराघरात गेलं आणि इंटरनेटवरच्या मीममधे पांढऱ्या रंगात, काळ्या कडेसकट इतकं वापरलं गेलं की आता ते नुसतं दिसलं तरी विनोद येणार असं वाटतं, ही त्या अक्षराची नंतरची नशिबाची गोष्ट. मूळ आकार बघितला तर ते हुकूम देणारं अक्षर आहे. कूपर ब्लॅक बोलावणारं आहे.

शाई जवळपास तेवढीच, स्वभाव वेगळा.

हा फरक येतो कुठून हे शोधत गेले तेव्हा माझी नजर काळ्यावरून पांढऱ्यावर गेली. अक्षर जाड करायचं म्हणजे रेघ वाढवायची, पण अक्षराला मिळालेली जागा काही तेवढी वाढत नाही, मग रेघ आतल्या पोकळीत घुसते. टाईप करणारे लोक त्या पोकळीला काउंटर म्हणतात. बारीक अक्षरात ती आपोआप भरपूर असते, तिचा विचार करावा लागत नाही. जाड अक्षरात ती उरलीसुरली असते आणि डोळा ओळखतो तो त्या उरलेल्या आकारावरून. ती पोकळी गोल ठेवली तर अक्षर मऊ होतं, चौकोनी ठेवली तर ताठ, नुसती फट ठेवली तर दांडगं. म्हणजे जाड अक्षर काढणारा माणूस खरं तर पांढऱ्याचे तुकडे कोरत असतो.

आणि देवनागरीत ते किती अवघड आहे त्यासाठी ते फ्लेक्सवरचे दोन शब्दच घ्या. भावपूर्ण श्रद्धांजली. पहिलाच ‘भ’. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक म्हणजे डाव्या अंगाची गाठ आणि शिरोरेघेतली एवढीशी मोकळी जागा. रेघ जाड केली की ती जागा बुजायला लागते आणि ‘भ’चा ‘म’ व्हायला वेळ लागत नाही. ‘ध’ आणि ‘घ’चं तेच. ‘पू’ला खाली दीर्घ ऊकार, म्हणजे ओळीच्या खाली जागा हवी. ‘र्ण’ला वर रफार, म्हणजे वर जागा हवी, आणि ‘ण’ला स्वतःच्या तीन उभ्या रेघा, त्यांच्यामधे दोन गल्ल्या, रेघा जाड झाल्या की गल्ल्या अरुंद. मग ‘श्र’, मग ‘द्ध’, जिथे ‘द’च्या पोटाला ‘ध’ लटकतो, एका अक्षराच्या जागेत दोन अक्षरं, त्यातल्या धच्या गाठीचं पांढरं वाचवायचं, वर काना आणि त्या कान्यावर अनुस्वार. शेवटी ‘ली’ची वेलांटी शिरोरेघेच्या वरून वळून येणार. आणि ‘ल’ कुठला घ्यायचा, मराठी वळणाचा दोन्हीकडे वाटोळा की हिंदीतला उजवीकडे काना असलेला? ‘श’चंही तसंच. बऱ्याच फॉन्टमधे दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर हिंदी वळणाचंच पुढे येतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एकाच उंचीच्या पट्टीत मावतात, त्यांना हवं तेवढं जाड करा, वरची ओळ खालच्या ओळीला टेकवा, चालतं. आपलं अक्षर तीन मजल्यांवर राहतं आणि मधल्या मजल्याला जाड छत असतं. शिरोरेघ जाड केली की ती खालच्या अक्षराची उंचीच खाते, आणि बारीक ठेवली तर जाड दांड्यांवर ती लटपटते. आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड भासते म्हणून शिरोरेघ दांड्यापेक्षा किंचित बारीक धरावी लागते, आणि किंचित म्हणजे किती हे प्रत्येक जाडीला परत ठरवावं लागतं.

म्हणूनच सॉफ्टवेअरनं फुगवलेलं बोल्ड बघितलं की मला फार वाईट वाटतं. फॉन्टमधे खरं बोल्ड नसेल आणि आपण ‘बी’चं बटण दाबलं, तर कॉम्प्युटर काय करतो, तर आहे त्याच अक्षराला सगळ्या बाजूंनी सारखी शाई चोपडतो नाहीतर तेच अक्षर थोडं सरकवून परत उमटवतो. त्याला शिरोरेघ कळत नाही, गाठ कळत नाही, अनुस्वार कळत नाही. ‘क’चा डोळा मिटतो, ‘द्ध’ म्हणजे नुसता डाग. विंडोजबरोबर यायचा तो मंगल फॉन्ट, र. कृ. जोशींनी घडवलेला, त्याच्या साध्या जाडीत तो नीटस आणि वाचायला सोपा होता. पण सुरुवातीला त्याला स्वतःचं बोल्ड नव्हतं, आणि कितीतरी वर्षं मराठीतली सरकारी पत्रं, निकाल, नोटिसा, वेबसाइटवरचे मथळे अशा चोपडलेल्या अक्षरातच वाचले आपण. एका अख्ख्या पिढीला वाटलं की मराठी बोल्ड म्हणजे असंच असतं, थोडं बुजलेलं, थोडं घाण. आपल्या भाषेत मोठ्यानं बोलायला गेलं की आवाज फाटतो असं त्यातून कळत नकळत मनावर बसलं असणार. मला ते नुकसान खरं वाटतं.

मग चांगली अक्षरं आली, आणि ती वापरताना पहिल्यांदा किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. मुंबईतल्या ‘एक टाईप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटातल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी मोदक नावाचा फॉन्ट काढला. त्यात पोकळी जवळजवळ उरतच नाही, अक्षर म्हणजे एक गोळा आणि आतलं पांढरं म्हणजे बारीकशा रेघा. मी आधी सांगितलं ते सगळं त्यांनी अगदी टोकाला नेऊन सोडवलंय, म्हणजे काउंटर सांभाळण्यापेक्षा त्याची नुसती खूण ठेवली आणि तरी शब्द वाचता येतो. स्क्रीनवर खूप मोठा करून मी तो कितीदा बघितलाय, एकेका जोडाक्षरात ती पांढरी रेघ कुठून कशी वळवली आहे ते. त्याच गटाचा बलू, आधी एकाच जाड वजनात आलेला, मग बलू 2 मधे साध्यापासून खूप जाडपर्यंतच्या पाच जाड्या. आणि तो एकाच लिपीत थांबला नाही, गुजराती, बंगाली, गुरुमुखी, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, अगदी उर्दूसुद्धा, आणि प्रत्येक लिपीतल्या भावंडाला नाव त्या त्या भाषेतल्या भावाचं, म्हणजे बंगालीत बलू दा, गुरुमुखीत बलू पाजी, तमिळमधे बलू तंबी. इतक्या लिप्यांत एकच मूड सांभाळणं हे काम केवढं मोठं आहे. दुसरीकडे इंडियन टाईप फाउंड्रीचा रोझा वन, तोही तितकाच काळा, पण जाड रेघेशेजारी अगदी बारीक रेघ ठेवणारा, त्या जुन्या फॅट फेसच्या कुळातला. त्यात एखादं नाव लिहिलं की ते नटूनथटून आल्यासारखं दिसतं. आणि कॅथरीन ली श्मिट यांचा यात्रा वन, मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. चपट्या ब्रशचा कोन त्यात दिसतो, रेघ जिथे वळते तिथे ब्रश कसा फिरला असेल ते कळतं. हे सगळे गूगल फॉन्टवर फुकट आहेत, कुणीही घ्यावेत.

पण ठळक मराठी अक्षर मला पहिल्यांदा आवडलं ते फॉन्टमधलं नव्हतंच. ते पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातीतलं, कमल शेडगे यांच्या हातचं. रविवारी बाबांच्या हातून पेपर सुटायची वाट बघायची आणि मधलं पान उघडायचं, तिथे ती छोट्या छोट्या चौकटींची गर्दी. एवढीशी जागा, काळीपांढरी छपाई, आणि तरी प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या स्वभावाचं, कुठे भिती, कुठे दंगा, कुठे घरातलं भांडण, सगळं अक्षराच्या अंगानंच. नाटक न बघताच त्याबद्दल काहीतरी कळलेलं असायचं. शेडगे 2020 मधे गेले. त्यांचं काम आणि फॉन्ट यात एक मोठा फरक आहे जो मला आता जास्त जाणवतो. शेडगेंना ते नाव एकदाच काढायचं असे, त्यातल्या ‘क’च्या शेजारी कोण आहे हे त्यांना माहीत असे, म्हणून ते ‘क’ची शेपटी शेजाऱ्याच्या पोटात सोडू शकत. फॉन्ट काढणाऱ्याला आपल्या ‘क’शेजारी कोण येऊन बसणार ते माहीत नसतं. तो ‘क’ श्रद्धांजलीत जाणार नाही पण ‘शोकाकुल’मधे जाईल, आणि उद्या ‘कपड्यांचा सेल’मधेही जाईल. त्यानं सगळ्यांशी नीट वागायचं. मग मजकुराशी स्वभाव जुळवायची जबाबदारी येते ती वापरणाऱ्यावर, आणि ही जबाबदारी अण्णांसारखे जुळारी गेल्यावर आपल्या सगळ्यांच्या हातात न सांगता येऊन पडली आहे. फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा, सोसायटीची नोटीस करणारे काका, लग्नाचं कार्ड मोबाइलवर बनवणारी बहीण, सगळे आता जुळारी. त्यांना कुणी काही शिकवलेलं नाही.

त्यात वापर इतका वाढलाय. पूर्वी पेपरात आठ कॉलमी मथळा आला की घरात सगळे एकदम त्या पानावर वाकायचे, कारण तेवढं मोठं आणि जाड अक्षर वर्षात क्वचित यायचं. आता मोबाइलवर प्रत्येक बातमी जाड, प्रत्येक व्हिडिओच्या चित्रावर पिवळी नाहीतर पांढरी जाड अक्षरं, काळ्यावर पांढरं तर डोळ्याला अजूनच जाड भासतं म्हणून तिथे खरं तर एक पायरी बारीक घ्यायला हवं, पण कोण घेतंय. इंग्रजीच्या सवयीनं अक्षरांत मोकळी जागा सोडतात आणि शिरोरेघेचे तुकडे तुकडे होतात, शब्द आहे की सुटी अक्षरं ते कळत नाही. दोन ओळी जवळ घेतात आणि वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीतल्या मात्रेला भिडतो. हे बघताना मला चीड येते, खोटं कशाला बोलू, कारण हे सगळं सुधारायला एक मिनिटही लागत नाही. ओळींमधे थोडं अंतर वाढवा, अक्षरांत अजिबात वाढवू नका, एकच गोष्ट जाड करा आणि बाकीचं साधं राहू द्या. सरांच्या फ्लेक्सवर नाव एका साध्या, सरळ दांड्याच्या जाड अक्षरात घेतलं असतं, मुक्ता या फॉन्टसारख्या, आणि बाकी सगळं लहान, भोवती भरपूर कोरं, तर मान तोच राहिला असता.

फक्त एक उणीव खरीच आहे. गंमतीची, जाहिरातीची, सणाची जाड अक्षरं देवनागरीत आता बऱ्यापैकी मिळतात. जाड आणि गंभीर, म्हणजे ओरडत नाही पण ठाम उभं राहतं, असं अक्षर शोधायला गेलं की हाताला फार कमी लागतं, आणि लागलं तर ते बहुतेक वेळा इंग्रजी बिनसेरिफ अक्षराच्या शेजारी बसवायला केलेलं, थंड. असं कुणी करत असेल तर त्याची मी वाट बघतेय. नवीन कुठलाही जाड फॉन्ट आला की माझं ठरलेलं आहे, मी आधी ‘क’ किंवा ‘अ’ बघत नाही, ते सगळ्यांचे चांगलेच असतात. मी ‘ळ’ टाईप करते, कारण त्याला शेजारी शेजारी दोन पोकळ्या लागतात आणि जाडीत दोन्ही जिवंत ठेवणं कठीण. मग ‘तऱ्हा’, त्यातला तो ऱ्ह चिमटीत आलेला असतो की मोकळा. मग ‘वाङ्मय’, ‘हृद्य’, ‘ज्ञानेश्वर’, ‘उद्ध्वस्त’. ‘उद्ध्वस्त’मधे तर भलेभले फॉन्ट हलंत पाय मोडून मोकळे होतात. जो तिथे टिकतो त्याला मी डाउनलोड करते, आणि मग सगळ्यात आधी एखाद्या माणसाचं पूर्ण नाव त्यात मोठं लिहून बघते, आडनावासकट.